राउंडला यायचं नाही

"चाचा, ही गोळी तुम्ही कशासाठी घेता?"

प्रश्न अब्बांना होता, पण उत्तर मी दिलं. सवयच झाली होती तशी. "पित्तासाठी."

"तुम्ही नका सांगू ताई. चाचांना सांगू द्या."

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून पांढऱ्या कोटातली किती माणसं अब्बांच्या खाटेपाशी येऊन गेली होती. कुणी कपाळावरचे टाके बघितले, कुणी रक्त काढलं, कुणी हात वर करा, खाली करा असं सांगून निघून गेलं. जो तो माझ्याशी बोलायचा. अब्बा मधे, गाठोड्यासारखे. आणि ही पोरसवदा, जाड चष्म्याची बाई खाटेच्या कडेला टेकून, घरून आणलेली सगळी औषधं चादरीवर पसरून, अब्बांच्या तोंडाकडे बघत थांबली होती.

अब्बांचं बोलणं तेव्हा फार हळू झालं होतं. शब्द तोंडात घोळायचे, आवाज घशातच राहायचा. लोक वाक्य संपायची वाट बघत नसत. ही थांबली.

"जळजळ व्हायची," अब्बा म्हणाले. "रोज्यात. उपाशीपोटी."

"कधीपासून घेताय?"

"गेल्याच्या गेल्या रमजानपासनं."

"आणि हात कधी हलायला लागला?"

अब्बांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "बकरीदेला. सुरी धरली तवा पयल्यांदा."

"त्याच वर्षीच्या?"

"व्हय. त्याच."

ती गोळ्यांची पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचत राहिली. मला राहवलं नाही. "तुम्ही कोण?" मी विचारलं.

"यामिनी सरवदे. क्लिनिकल फार्मासिस्ट."

"म्हणजे खालच्या मेडिकलमधल्या?"

"खालचं मेडिकल आमचंच. पण माझं काम इथं, खाटेपाशी. एका माणसाला दिलेली औषधं त्याच्या पोटात गेल्यावर एकमेकांशी भांडत नाहीत ना, आणि त्याला नवीन दुखणं लावत नाहीत ना, ते बघायचं."

असं काही काम असतं हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

अब्बा सतारी करायचे. मिरजेत दस्तगीर सतारमेकर म्हटलं की रिक्षावाला थेट आमच्या दारात आणून सोडायचा. भोपळा निवडण्यापासून पडदे बांधण्यापर्यंत सगळं यायचं, पण त्यांचं नाव होतं ते जवारीसाठी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीने इतका नाजूक घासायचा की तार त्याच्यावर नुसती टेकावी आणि गुंजत राहावी. केसाएवढी कानस जास्त फिरली की तार मुकी. धारवाडहून, पुण्याहून माणसं फक्त घोडी घेऊन यायची आणि जवारी लावून जायची. त्या माणसाचा उजवा हात हलायला लागला. मग पाऊल घासत पडायला लागलं. मग चेहरा लाकडाचा झाला. हसू नाही, राग नाही, काही नाही. ज्यांचं मिरजेत फार मोठं नाव आहे त्या डॉक्टर उपळेकरांनी दोन मिनिटांत सांगितलं, कंपवात. आता हा जन्माचा सोबती.

धारवाडचा एक गवई तंबोरा घेऊन आला, तेव्हा अब्बांनी दारातच हात जोडले. "माफ करा. हात न्हाई राहिला." त्यानंतर ते दुकानात बसायचे ते नुसते रस्त्याकडे बघत. चहा बशीत ओतला तर निम्मा लुंगीवर सांडायचा, म्हणून चारचौघांत चहा प्यायचंही त्यांनी सोडलं. मी त्याच गल्लीत दिलेली, नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. शाळा सुटली की आधी अब्बांना जेवू घालायचं, मग माझ्या घरी जायचं. आणि त्या आठवड्यात ते दुकानाच्या पायरीवरून तोल जाऊन पडले, कपाळ फुटलं, म्हणून आम्ही त्या दवाखान्यात होतो.

थोड्या वेळाने डॉक्टर उपळेकर राउंडला आले. मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, नर्स, आणि सगळ्यांत शेवटी ती.

"काय म्हणतोय चाचांचा हात?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला. "सर, या पेशंटबद्दल थोडं बोलायचं होतं. बाहेर बोलू का?"

"इथंच बोला. मला पुढं ओपीडी आहे."

ती पुढे आली. आवाज हळू होता, पण अडखळत नव्हता. "यांच्या पित्ताच्या गोळीत दोन औषधं आहेत, सर. दुसरं जे आहे, मळमळ आणि गॅससाठीचं, ते फार दिवस घेतलं की काहींना हुबेहूब कंपवातासारखाच त्रास होतो. गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांतच यांचा हात हलायला लागलाय. ती थांबवून बघता येईल का?"

"गोळी लिहिलीय कुणी?"

"तुम्हीच, सर."

डॉक्टर हसले. ते हसू मला अजून दिसतं. वर्गात एखाद्या पोराची फजिती करायच्या आधी काही मास्तर हसतात ना, तसं.

"तुमचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी हा आजार बघतोय, मॅडम."

"आजार असेलही, सर. मी नाही म्हणत नाही. फक्त ती एक गोळी..."

"काउंटरवर कुठली गोळी शिल्लक आहे, कुठली संपलीय, तेवढं बघा. त्याच्यासाठी पगार मिळतो तुम्हाला." त्यांनी नर्सकडे वळून सांगितलं, "उद्यापासून यांनी राउंडला यायचं नाही. पेशंटसमोर गोंधळ नको."

घोळक्यातलं कुणीतरी फिस्सकन हसलं. ती मान खाली घालून उभी राहिली. डॉक्टरांनी अब्बांचा हात उचलून सोडून दिला, जसं काही खुर्चीचा पाय डुगडुगतोय का ते बघावं. "थरथरीची गोळी अर्धी वाढवू या."

"तिनं मळमळतं, साहेब," अब्बा पुटपुटले.

"म्हणून तर पित्ताची गोळी दिलीय, चाचा!" डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

माझ्या कानशिलांतून जाळ निघत होता. गोंधळ? पेशंटसमोर? तिने तर बाहेर बोलू का म्हणून विचारलं होतं. आणि पेशंट म्हणजे कोण? माझा बाप तिथे, त्या खाटेवर, जिवंत बसलेला होता. त्याच्या डोक्यावरून भांडण चाललं होतं आणि भांडणाचा विषय त्याचा हात होता.

दुपारी मी खाली गेले. मेडिकलच्या मागच्या खोलीत ती सलाइनचे खोके लावत होती.

"बाई, खरं काय ते मला सांगा."

"मला पेशंटशी बोलायची बंदी झालीय, ताई. आत्ताच निरोप आला."

"मी कुठं पेशंट आहे? मी मुलगी आहे पेशंटची."

तिला हसू आलं. खोका खाली ठेवून तिने मला स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं. पित्ताच्या गोळीतल्या त्या दुसऱ्या औषधाने हात हलू शकतो. हात हलतो म्हणून थरथरीची गोळी. त्या गोळीने मळमळतं, म्हणून परत पित्ताची गोळी चालू. त्या औषधाचं नाव तिने दोनदा सांगितलं. ते माझ्या तोंडात अजून नीट बसत नाही.

"म्हणजे कुत्रं स्वतःच्या शेपटीमागं फिरतं, तसं?"

"असू शकतं म्हणतेय मी. खात्री गोळी थांबवल्यावरच होईल. सहा वर्षं हेच शिकले, ताई. पण इथं कुणालाच माहीत नाही मला कशासाठी घेतलंय. दवाखान्याची तपासणी करणारे येतात तेव्हा राउंडला पुढं उभं करतात. ते गेले की खाली."

"मग मी आजपासनं देतच नाही ती गोळी."

"नाही!" ती एकदम उभीच राहिली. "मनानं काही बंद करायचं नाही. थरथरीची तर मुळीच नाही, ती अचानक सोडली तर जिवावर बेतेल. बंद करा हे डॉक्टरांनीच म्हणायला पाहिजे."

"ते म्हणतील? ऐकलंत ना सकाळी?"

"तुम्ही विचारा. ही गोळी कशासाठी आणि कधीपर्यंत, एवढंच. पण उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका. नाहीच मिळालं तर सांगलीला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा."

"आणि तुमचं चुकत असलं तर?"

"तर चाचांना थोडी जळजळ होईल. त्याला साध्या गोळ्या आहेत." ती परत खोक्यांकडे वळली. एवढी शोभा झाली होती सकाळी, पण डॉक्टरांबद्दल वावगा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. मग तिच्या वाट्याच्या शिव्या मीच आमच्या घरच्या दखनीत देऊन घेतल्या, जिना चढता चढता.

घरी सोडायच्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसले.

"सर, ही पित्ताची गोळी कशासाठी?"

"नाव सांगतंय ना कशासाठी ते?"

"कधीपर्यंत द्यायची?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मी शाळेत शिकवते, सर. प्रश्न विचारायला पोरांना मीच शिकवते."

"बाहेर गर्दी बघितली का?"

"बघितली. मी त्याच गर्दीतनं आत आले."

दार दोनदा उघडलं, दोनदा बंद झालं. कंपाउंडर घसा खाकरून गेला. मी उठले नाही. शेवटी त्यांनी औषधांचा कागद माझ्या हातातून ओढला, त्या गोळीवर अशी रेघ मारली की कागद फाटला, आणि खाली साधी पित्ताची गोळी लिहून दिली. "घ्या. बंद! उद्या पोट धरून आलात तर माझं नाव काढायचं नाही."

अशी बंद झाली ती गोळी. इलाज म्हणून नाही, चिडून.

पहिले काही आठवडे काहीच फरक नव्हता. मी रोज बशीकडे बघायची आणि रोज चहा सांडायचा. मग एका सकाळी मी अब्बांच्या घरी पोळ्या करत होते, तर बाहेर आरडाओरडा ऐकू आला. धावत गेले. अब्बा गाडीवाल्याशी भांडत होते. त्याने किडकी वांगी दिली होती. अब्बांच्या कपाळाला आठ्या, नाकपुड्या फुललेल्या, आवाज पार कोपऱ्यापर्यंत. "ह्ये काय वांगं हाय? तुझ्या बापानं खाल्लं हुतं का असलं?" मी उंबऱ्यात उभी राहून रडायला लागले. गाडीवाला घाबरला, त्याला वाटलं वांग्यांवरून रडतेय. त्या बिचाऱ्याला काय माहीत, किती दिवसांनी माझ्या बापाला राग आला होता!

आधी चेहरा परत आला, मग चाल, मग सावकाश हात. डॉक्टर उपळेकर दर खेपेला थरथरीची गोळी कमी करत गेले. दर खेपेला शिकाऊ डॉक्टरांना सांगायचे, "बघा, योग्य वेळी डोस वाढवला की कसा गुण येतो." मी एकदा म्हटलं, "सर, ती गोळी थांबवल्यापासनं..." तर म्हणाले, "योगायोग असतात," आणि घंटी दाबली. पुढे थरथरीची गोळीही बंद झाली. अब्बा परत कानस धरून बसायला लागले. पूर्वीइतकं काम होत नसे, पण जे होई ते त्यांचंच असे.

मग दवाखान्याचा वर्धापनदिन आला. मोफत तपासणी शिबिर आणि दुपारी मंडपात समारंभ. डॉक्टरांचा माणूस घरी येऊन म्हणाला, चाचांचा सत्कार आहे, सतार घेऊन या. अब्बांनी काळी टोपी घातली, अत्तर लावलं. माणूस बरा झाला की त्याला आभार मानावेसे वाटतात, तसं त्यांना वाटत होतं.

फाटकावर मोठा फलक होता. अब्बांचा फोटो, आणि खाली लाल अक्षरात, 'कंपवातावर मात!' फलकाखाली टेबल, टेबलावर गुलाबाची फुलं आणि गुलाबपाणी. टेबलामागे सारख्या साड्या नेसलेल्या मुली, त्यांत यामिनीबाई.

अब्बा थबकले. "बाई, तुम्ही हितं?"

"आज सगळ्यांना कसली ना कसली ड्यूटी आहे, चाचा."

"आन राउंडला? जाता का आता?"

तिने त्यांच्या हातात फूल ठेवलं. "पुढची खुर्ची आहे तुमची. बसा आत जाऊन."

अब्बा बसले. फूल मुठीत तसंच. डॉक्टर उपळेकरांनी भाषण केलं, अचूक निदान, अनुभव, चिकाटी. मग पडद्यावर चित्रफीत लागली. त्यात अब्बा होते. दवाखान्यातल्या खाटेवर, हात फडफडतोय, तोंडातून लाळ गळतेय, कुणीतरी 'चाला' म्हणतंय आणि ते पाय घासत, पडत-झडत चालतायत. हे कधी काढलं, कुणी काढलं, आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मंडपातली माणसं चुकचुकली. ज्या माणसाने चारचौघांत चहा प्यायचं सोडलं होतं, त्याला अख्ख्या गावापुढे लाळ गाळताना दाखवत होते. मी अब्बांकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

"आणि आता हेच दस्तगीरचाचा तुमच्यासमोर सतार छेडतील!" टाळ्या पडल्या.

अब्बा मंचावर चढले. सतार त्यांनी गादीवर ठेवली आणि माईक धरला.

"मला त्यो आजार नव्हताच," ते म्हणाले.

लोक परत टाळ्या वाजवायला लागले. डॉक्टर हसून म्हणाले, "चाचा विनोदी आहेत."

"इनोद न्हाई, साहेब. नव्हताच मला कंपवात. तुमच्या पित्ताच्या गोळीनं हात हलत हुता. तुमी ती थांबवली तीबी रागानं. माझी दोन वर्सं गेली, त्याचं मी काय बोलत न्हाई. तुमीबी माणूस हाय, चुकता. पर ज्या पोरीनं तुमाला ते सांगितलं, तिला तुमी वॉर्डातनं हाकलली आन आज फाटकावर फुलं वाटायला..."

माईक बंद झाला. अब्बा बोलतच राहिले. माईक नसला तरी आता शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं.

दवाखान्याच्या व्यवस्थापकांनी त्यांना हाताला धरून खाली आणलं. लगेच गाण्याची टेप लागली. मी सतार उचलली आणि आम्ही बाहेर आलो. मला वाटलं होतं, यामिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी असेल. ती लालबुंद झाली होती.

"कशाला बोललात, चाचा? मला विचारलं होतंत का? तुम्ही आता घरी जाल. मला उद्या इथंच यायचंय. त्यांनी मला न विचारता हाकललं, तुम्ही मला न विचारता मंचावर चढवलं. माझ्या तोंडाला कुणी कुलूप लावलं होतं का?"

अब्बांची मान खाली गेली. "चुकलं, बेटा. मला माझाच राग आवरला न्हाई."

ती साडीच्या पदराने कपाळ पुसत फुलं नीट लावायला लागली, उगाचच.

तेवढ्यात शिबिराच्या रांगेतून एक म्हातारी आली. कासेगावकडची असावी, हातात काठी. तिची मान सारखी हलत होती. अब्बांकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यो बाबा आत ज्या पोरीचं बोलला, ती तूच का गं?"

म्हातारीने पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांच्या चुरगळलेल्या पट्ट्या होत्या. "मीबी पित्ताची गोळी खाती. माजं बघतीस का? मला कुणी सांगतच न्हाई काय."

तिच्या मागे टोपीवाला एक म्हातारा येऊन उभा राहिला. त्याच्यामागे एक बाई, सासऱ्याला धरून. कुणाला न सांगता रांग व्हायला लागली. यामिनीबाईंनी एकदा त्या रांगेकडे पाहिलं. मग फुलांचं तबक उचलून बाजूच्या मुलीकडे दिलं, गुलाबपाणी खाली ठेवलं, म्हातारीला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि पहिली पट्टी उजेडात धरली. "आजी, ही कधीपासून घेताय? सावकाश सांगा."

ती नोकरी तिने महिन्याभरात सोडली. आता ती पुण्याला एका मोठ्या रुग्णालयात आहे आणि तिच्या सहीशिवाय तिथल्या वॉर्डातून पेशंट घरी जात नाही. अब्बा पुढे बरीच वर्षं काम करून गेले. डॉक्टर उपळेकरांची ओपीडी अजून तशीच भरते. हे सगळं नंतरचं. मला तो दिवस आठवतो तो तिथेच, फाटकापाशी थांबतो.

व्यवस्थापक धावत आले होते. घामाघूम झालेले. "मॅडम, हे काय चालवलंय? पाहुणे बाहेर पडतायत. उठवा या लोकांना. हे इथं नाही करायचं."

तिने पट्टीवरची नजर काढली नाही. म्हातारीचा हात तिच्या हातात होता. तिने सरळ आवाजात विचारलं,

"मग कुठं करायचं?"

व्यवस्थापक पाहुण्यांना सावरायला मंडपाकडे वळले. म्हातारी सांगत होती, तिला मळमळायचं कधी सुरू झालं ते.